प्रवासी बोट टाकायचीय? आधी बंदर ऑफिसात जा, मग बोट बघा

दिवाळी जवळ आली की मला एक ठरलेला फोन येतो. दरवर्षी नंबर वेगळा, माणूस वेगळा, वाक्य तेच. "काका, बोट घेतलीय, आता लायसनचा काय करूचा ता सांगा." म्हणजे नवरी घरात आणली, मुंडावळ्या सुटल्या आणि आता पत्रिका जुळवायला बसले. मग मी विचारतो सर्व्हे, म्हणजे बोटीची सरकारी तपासणी, कुठे झालाय, आधीची नोंदणी कुठली, इंजिनाचं बिल आहे काय, आणि तिकडून फोनवर नुसता वारा ऐकू येतो.

हसण्यासारखं काही नाही, मी स्वतः हेच केलेलं. पहिली बोट सेकंडहँड घेतली, फायबरची, दुसऱ्या राज्यातून ट्रकवर घालून मालवणात आणली, स्वस्तात पडली म्हणून वाडीत पेढे वाटले. विकणाऱ्याने वर मस्त सपाट छप्पर मारून त्यावर पण बाकडी जोडलेली, मला वाटलं वा, डबल पॅसेंजर. सर्व्हेअर आला, बोटीभोवती एक फेरी मारली, वर बघितलं आणि पहिलं वाक्य, "हे आधी उतरवा." त्यात आधीच्या राज्यातला नोंदणीचा कागद अर्धवट, इंजिन कुठल्या बोटीतून काढलेलं त्याचा पत्ता नाही. नोव्हेंबर ते फेब्रुवारी, म्हणजे ज्या चार महिन्यांवर आमचं वर्ष निघतं, ती बोट माडाखाली ताडपत्री पांघरून झोपलेली आणि मी बँकेचा हप्ता भरतोय. म्हणून हे लिहायला घेतलं. सगळं सिंधुदुर्ग डोळ्यासमोर ठेवून लिहितोय, पण रत्नागिरी-रायगडवाल्यांना पण बहुतेक लागू पडेल. गोव्यात ऑफिस वेगळं, तिकडे कॅप्टन ऑफ पोर्ट्सकडे जायचं.

सगळ्यात आधी ठरवा, बोट जाणार कुठे

कर्लीच्या खाडीत देवबागपर्यंत शांत फिरवणारी बोट, मालवण जेटीवरून सिंधुदुर्ग किल्ल्यावर ने-आण करणारी बोट आणि डॉल्फिन दाखवायला देवबागच्या संगमाच्या, म्हणजे कर्ली नदी समुद्राला मिळते त्या मुखाच्या, बाहेर काढायची बोट, या तीन वेगळ्या बोटी आहेत. दिसायला एकच असतील, कागदावर आणि पाण्यात वेगळ्या. आता जो कायदा लागतो तो इनलँड व्हेसल्स अ‍ॅक्ट २०२१, त्याच्या आधी १९१७ चा इंग्रजांच्या काळातला चालायचा. नव्या कायद्यात पाण्याचे झोन केलेत, लाटेच्या उंचीवरून. झोन १ म्हणजे लाट जास्तीत जास्त २ मीटर, झोन २ म्हणजे १.२ मीटर आणि झोन ३ म्हणजे ०.६ मीटर. तुमची बोट ज्या झोनसाठी पास झाली त्याच्या बाहेर तिने जायचं नाही, मग पर्यटक कितीही म्हणू दे की "जरा पुढे घ्या ना, फोटो काढायचाय." आणि राज्याने ठरवून दिलेल्या हद्दीच्या बाहेर उघड्या समुद्रात जायचं असेल तर मर्चंट शिपिंगचा कायदा येतो, ते प्रकरण मोठं आहे, नवख्याने त्या वाटेला जाऊच नये.

तर बोट बघायच्या आधी महाराष्ट्र मेरीटाईम बोर्डाच्या बंदर ऑफिसात जायचं. बोर्ड १९९६ चं आहे पण आमच्याकडे जुनी माणसं अजून "बंदर खातं"च म्हणतात. तिथे बंदर निरीक्षकाला सरळ विचारायचं, साहेब मला अमुक जेटीवरून तमुक ठिकाणी एवढी माणसं न्यायचीत, मला कुठल्या प्रकारची बोट चालेल आणि त्या जेटीवर नवीन बोटीला परवानगी मिळतेय काय. हा शेवटचा प्रश्न विसरू नका. बोट पास झाली म्हणजे जेटीवर लावायला जागा मिळाली असं नसतं, काही ठिकाणी आधीच बोटींची गर्दी आहे, पाळी लावून फेऱ्या चालतात, आणि तिथल्या होडीवाल्यांच्या संघटनेशी बोलल्याशिवाय तुम्ही एकटे जाऊन उभे राहिलात तर पहिल्याच दिवशी भांडण.

एक गैरसमज इथेच काढून टाकतो. कायद्यात १२ हून जास्त प्रवासी नेणारी ती "प्रवासी नौका" अशी व्याख्या आहे, त्यावरून कुणीतरी पसरवून ठेवलंय की १२ च्या आत असलं की कागद लागत नाही. चूक. इंजिन आहे म्हणजे नोंदणी आली, सर्व्हे आला, विमा आला, माणसं नेताय मग ६ असोत नाहीतर ६०. १२ च्या वर नियम अजून कडक होतात एवढंच.

दुसरा गैरसमज मच्छीमारी बोटीचा. "घरची ट्रॉलर आहे, रंग मारतो, बाकडी टाकतो." नाही चालत. मासेमारीची नोंदणी वेगळी, ती मत्स्य खात्याकडे, तिच्यावर पर्यटक चढवले की नोंदणीचाही उपयोग नाही आणि विम्याचाही नाही. आणि हे नुसतं कागदाचं नाही. मच्छीमारी बोटीत वजन खाली असतं, बर्फ, मासळी, जाळं सगळं पोटात. माणसं बसतात वर. ७ मे २०२३ ला केरळात तानूरला जी बोट उलटली, २२ जण गेले, ती मूळची मच्छीमारी बोटच होती, वर मजला चढवून पर्यटकांसाठी केलेली, त्यात संध्याकाळी उशिरा भरून काढलेली.

नोंदणी, सर्व्हे आणि गवंड्याचा ओळंबा

नवीन बोट बांधून घेत असाल तर आधी ड्रॉइंग मंजूर करून घ्यायचं, मग बांधायला सुरुवात. यार्डवाला म्हणेल अशा दहा बांधल्यात, काही होत नाही, त्याचं ऐकू नका, मंजुरीचा कागद आल्याशिवाय अ‍ॅडव्हान्स सोडून पुढचा हप्ता देऊ नका. सेकंडहँड घेताना विकणाऱ्याकडून चार गोष्टी हातात घेतल्याशिवाय पैसे द्यायचे नाहीत: नोंदणीचं सर्टिफिकेट, शेवटच्या सर्व्हेचं सर्टिफिकेट, इंजिनाचा नंबर दाखवणारं बिल, आणि बोटीवर बँकेचं कर्ज नसल्याचा दाखला. इंजिनाचा नंबर स्वतः टॉर्च मारून बघा. मी नव्हता बघितला.

सर्व्हेला बोट दोनदा दाखवावी लागते, एकदा जमिनीवर आणि एकदा पाण्यात. जमिनीवर तळ, पंखा म्हणजे प्रॉपेलर, शाफ्ट, सुकाणू बघतात, तर तळाला चिकटलेल्या कालवांसकट तशीच उभी करू नका, खरवडून धुऊन ठेवा, नाहीतर सर्व्हेअर परत पाठवेल आणि त्याची पुढची तारीख कधी मिळेल ते रवळनाथालाच माहीत. पाण्यात इंजिन, पंप, दिवे, भोंगा, आणि सगळ्यात महत्त्वाची ती स्टॅबिलिटीची टेस्ट.

ती टेस्ट एकदा डोळ्याने बघाच. बोट शांत पाण्यात सोडतात, आत वाळूची मोजलेली पोती ठेवतात, आणि मध्ये एक ओळंबा लावतात, आपला गवंडी भिंत बघायला वापरतो तसलाच, त्याचं वजन पाण्याच्या बादलीत बुडवलेलं असतं म्हणजे हलत राहू नये. मागे एक पट्टी. मग पोती एका बाजूला सरकवायची, बोट कलते, ओळंब्याची दोरी पट्टीवर किती सरकली ते लिहायचं. परत दुसऱ्या बाजूला. असं चारपाच वेळा. माझ्या बोटीच्या वेळी दोरी सरकली ती बघून मला घाम फुटलेला, कारण मी डोक्यात धरलेला आकडा आणि त्या दोरीने दिलेला आकडा यात बरीच माणसं कमी होती. सर्टिफिकेटवर जो प्रवाशांचा आकडा छापून येतो तो असा आलेला असतो. साहेबाच्या मनातून आलेला नाही, तुमच्याच बोटीने सांगितलेला आहे. हे एकदा डोक्यात बसलं ना की मग "एक घ्या ना जास्त, लहान मूल तर आहे" याचं उत्तर द्यायला जड जात नाही.

आणि आकड्याच्या आत असलात तरी माणसं कुठे बसलीत याच्यावर आहे. ३० सप्टेंबर २००९ ला केरळात थेक्कडीच्या तलावात दुमजली बोट उलटली, ४५ माणसं गेली. काठावर जनावरं दिसली आणि सगळे बघायला एका बाजूला गेले. आमच्याकडे जनावरांच्या जागी डॉल्फिन. "तो बघा, तो बघा" म्हटलं की पंधरा मोबाईल एकाच अंगाला. म्हणून आमचा खलाशी डॉल्फिन दिसला तरी ओरडत नाही, आधी सांगतो बसून राहा, बोट फिरवतो, दोन्ही बाजूंना दिसेल. तळात साचलेलं पाणी पण असंच करतं, बोट कलली की तेही त्याच अंगाला धावतं आणि अजून कलवतं. रोज सकाळी पंप मारून तळ कोरडा करा.

नोंदणी झाली की नाव आणि नंबर बोटीवर दोन्ही बाजूंना ठळक रंगवायचा, आणि प्रवाशांची संख्या मराठीत, चढतानाच दिसेल अशा ठिकाणी. काहीजण ती संख्या मुद्दाम बारीक लिहितात किंवा टायर लटकवून झाकतात. आमच्या बोटीवर ती हातभर मोठी आहे, आणि भांडण झालं की मी फक्त हाताने ती दाखवतो, बोलायला लागत नाही.

चालवणारा कोण

आमच्याकडे प्रत्येक घरात कुणीतरी तांडेल, म्हणजे होडी हाकणारा, असतो, समुद्र त्याच्या हाडात. तरी सर्टिफिकेट लागतं. मास्टरचं, म्हणजे बोटीच्या प्रमुखाचं, ज्याला जुन्या भाषेत सारंग म्हणतात, आणि इंजिन सांभाळणाऱ्या ड्रायव्हरचं. किती माणसं कुठल्या दर्जाची लागतील ते बोटीच्या सर्व्हे सर्टिफिकेटवरच लिहून येतं, त्यात काटछाट नाही. डोळ्यांची तपासणी होते आणि रंग ओळखता येतात काय ते बघतात, ते उगाच नाही: रात्री समोरच्या बोटीचा डावा दिवा लाल, उजवा हिरवा, त्यावरून ती कुठे चाललीय ते कळतं. समोरासमोर आलात तर दोघांनी आपापल्या उजवीकडे वळायचं. रस्त्यावर आपण डावीकडून चालतो ना, त्यामुळे नवीन पोराचा हात घाईत डावीकडेच जातो, हे मी तीन पोरांच्या बाबतीत बघितलंय. सवय करून घ्यावी लागते.

समुद्र कळणं आणि माणसं नेणं यात फरक आहे. मासळी ओरडत नाही, उठून उभी राहत नाही, सेल्फी काढत नाही. म्हणून तांडेलालाही प्रथमोपचार, पाण्यातून माणूस काढणं, गर्दीशी बोलणं हे शिकायला लागतं. गोव्यात नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ वॉटर स्पोर्ट्समध्ये पॉवरबोटचे आणि लाइफगार्डचे कोर्स होतात, एका खलाशाला तरी पाठवा. पैसे फुकट जात नाहीत.

विम्याबद्दल थोडक्यात. बोटीचा विमा वेगळा आणि प्रवाशांचा वेगळा. बँक कर्ज देताना पहिला करून घेते, कारण तिला तिच्या पैशांची काळजी, दुसरा तुम्ही स्वतः विचारून घ्यायचा. पॉलिसीवर प्रवासी संख्या सर्व्हेप्रमाणेच आहे ना ते वाचा, आणि लक्षात ठेवा, एक माणूस जास्त निघाला की कंपनीला हात वर करायला कारण मिळालं.

जॅकेट

इथे जरा जास्त लिहिणार आहे.

१८ डिसेंबर २०२४ ला गेटवेवरून घारापुरीला निघालेल्या 'नीलकमल' बोटीला इंजिनाची चाचणी घेत असलेली नौदलाची स्पीडबोट येऊन धडकली. १५ जण गेले. त्या दिवशी टक्कर बाहेरून आली, पण पाण्यात पडल्यावर अंगात जॅकेट आहे की नाही एवढाच प्रश्न उरतो. त्याच वर्षी १८ जानेवारीला वडोदऱ्याच्या हरणी तलावात शाळेच्या सहलीची बोट उलटली, १२ मुलं आणि २ शिक्षिका गेल्या. बोट १४ जणांची, चढवलेले त्याहून कितीतरी जास्त, आणि बऱ्याच मुलांच्या अंगात जॅकेट नाही. तलावात. समुद्र पण नाही.

म्हणजे "जॅकेट ठेवायचं" असा नियम समजू नका, "जॅकेट घालायचं" असा समजा. बोट सुटायच्या आधी, सगळ्यांनी, आजीबाईंनी पण. कित्येक बोटींवर मी बघतो जॅकेटं बाकड्याखाली सुतळीने गठ्ठा बांधून, वर अजून दुकानातलं प्लॅस्टिक, शोकेसमध्ये ठेवल्यासारखी. बोट कलायला लागल्यावर ती सुतळी कोण सोडणार?

विकत घेताना काय बघायचं. आतल्या बाजूला शिक्का असतो, मान्यतेचा आणि किती न्यूटन, म्हणजे तरंगवायची किती ताकद, ते. ५० न्यूटनवालं हे पोहता येणाऱ्यासाठी आधार म्हणून असतं, ते बेशुद्ध माणसाचं तोंड पाण्याच्या वर ठेवत नाही. पर्यटकांना १०० किंवा १५० न्यूटनचंच द्या. शिट्टी हवी, चमकणारी पट्टी हवी. लहान मुलांची वेगळी हवीत, मोठ्यांचं जॅकेट लहान मुलाला घातलं तर मूल खालून सटकतं आणि जॅकेट वर तरंगतं. आंतरराष्ट्रीय नियमात १५ ते ४३ किलो म्हणजे मुलांचं आणि त्याच्या वर मोठ्यांचं असा हिशोब आहे, आणि प्रवासी संख्येच्या किमान १० टक्के मुलांची ठेवायला सांगतात. पण मे महिन्यात आमच्याकडे अर्धी बोट मुलांचीच असते, म्हणून १० टक्क्यांवर थांबू नका. खांद्याला धरून वर ओढून बघा, कानापर्यंत आलं तर सैल आहे, पायांमधून घ्यायचा पट्टा लावा.

आणि जॅकेट म्हातारं होतं. ऊन, खारं पाणी, लोक त्याच्यावर बसतात, आतला फोम दबून पापड होतो. सीझनच्या आधी मी सगळी जॅकेटं काढून घरच्या हौदात दगडाखाली दाबून एक रात्र ठेवतो, दुसऱ्या दिवशी दगड काढल्यावर जे चटकन वर येत नाही ते बाद. कंपनीच्या टेस्टमध्ये पण २४ तास गोड्या पाण्यात बुडवून तरंगायची ताकद ५ टक्क्यांपेक्षा जास्त कमी होऊ नये असंच बघतात, माझी आपली गावठी आवृत्ती. बायको ओरडते, हौद दोन दिवस वापरता येत नाही.

बाकी सामान सर्व्हेच्या यादीप्रमाणे: दोरी बांधलेल्या रिंगा, ड्राय पावडरचे अग्निशामक सिलिंडर आणि त्याची तारीख, प्रथमोपचार पेटी, नांगर आणि पुरेशी दोरी, हाताने मारायचा पंप, भोंगा, टॉर्च, दोन वल्ही. पेट्रोलचं आउटबोर्ड, म्हणजे बोटीच्या मागे बाहेरून लावायचं, इंजिन असेल तर तेल भरताना एकही प्रवासी बोटीवर नको, पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड, ती तळात जाऊन बसते आणि मग एक ठिणगी पुरते. आउटबोर्डची लाल किल कॉर्ड चालवणाऱ्याने मनगटाला किंवा कमरेला अडकवायचीच, तो पाण्यात पडला तर इंजिन बंद पडलं पाहिजे. ती कॉर्ड गाठ मारून इंजिनालाच लावून ठेवलेली दिसली की मी त्या बोटीवर पाय ठेवत नाही.

चढवताना

खरी परीक्षा जेटीवरची पाच मिनिटं. गेल्या डिसेंबरची गोष्ट, बोटीवर जागा ११ उरलेल्या, आणि एक कुटुंब आलं १३ जणांचं. घाटावरचे, खूप लांबून आलेले, आजी, आजोबा, सुना, नातवंडं. मी म्हटलं ११ आत्ता, २ पुढच्या फेरीत. कर्ता माणूस म्हणाला, "अहो दादा, आम्ही मांडीवर घेतो ना पोरांना, एसटीत नाही का घेत." आजोबा म्हणाले, "डबल पैसे घ्या." मागची लाइन ओरडायला लागली. खलाशी माझ्याकडे बघतोय. अशा वेळी आवाज चढवायचा नाही. मी म्हटलं, "आजोबा, तुम्ही आणि हे दोघं माझ्याबरोबर इथे बसा, चहा पाजतो, मी पण पुढच्याच फेरीत येतो." आणि खरंच बसलो, ती फेरी माझ्या दुसऱ्या सारंगाने नेली. चहाचे पैसे माझे. आजोबा किल्ल्यावर पोचेपर्यंत माझ्याशी ऊसाच्या भावाबद्दल बोलत होते.

मांडीवरचं मूल पण मोजायचं, हे लिहून ठेवा. मोजायचं चढताना, एकाच माणसाने, मोठ्याने. मग वहीत वेळ, संख्या आणि सारंगाचं नाव लिहायचं आणि ती वही जेटीवर ठेवायची, बोटीवर नाही. बोटीबरोबर वही पण बुडाली तर शोधणाऱ्याला कसं कळणार किती माणसं होती? चढवताना एका वेळी एक, हात धरून, बोटीच्या मध्यावर पाय, काठावर नाही. जड माणसं एकाच बाकड्यावर येत असतील तर हसतखेळत बदलायची. दारू प्यालेला चढवायचा नाही, त्याच्याशी वाद पण घालायचा नाही, तिकिटाचे पैसे परत हातात ठेवायचे.

बोट सुटल्यावर मिनिटभर बोलायचं: जॅकेट काढू नका, उभे राहू नका, हात काठाबाहेर नको, काही झालं तर उडी मारू नका, आम्ही सांगू ते ऐका. पाठ केल्यासारखं न बोलता बोलायचं, नाहीतर कोण ऐकत नाही.

वारा, भरती आणि बावटा

२६ मे ते ३१ ऑगस्ट आमच्याकडे प्रवासी वाहतूक आणि वॉटरस्पोर्ट बंद. मेच्या शेवटच्या आठवड्यात समुद्र कधीकधी तेलासारखा दिसतो आणि गर्दी पण तेव्हाच असते, तरी बंद म्हणजे बंद. २४ मे २०२२ ला तारकर्लीला पर्यटकांची बोट उलटून दोघांचा जीव गेला, ती तारीख बघा, बंदीच्या दोनच दिवस आधी. म्हणजे तारीख आली नाही म्हणून समुद्र चांगला असंही नाही.

रोज सकाळी हवामान खात्याचा अंदाज आणि हैदराबादच्या इन्कॉइस या समुद्राची माहिती देणाऱ्या सरकारी संस्थेचा लाटांचा अंदाज बघायचा, दोन्ही मोबाईलवर मिळतात. बंदरावर धोक्याचा ३ नंबरचा बावटा लागला की बोट सोडायची नाही, चर्चा नाही. आकाश निळं असलं तरी नाही, लांबच्या वादळाची फुगी लाट निळ्या आकाशाखालूनच येते.

नवीन माणसाने सकाळच्या फेऱ्या जास्त घ्याव्यात. सकाळी मतलई वारा, जमिनीवरून येणारा, पाणी सपाट. दुपारनंतर उन्हाळ्यात वायव्येचा वारा सुटतो आणि चार वाजता परत येणारी बोट निघाली त्यापेक्षा वेगळ्याच समुद्रातून येते.

देवबागच्या संगमावर अजून एक गंमत, गंमत कसली. सुकती, म्हणजे ओहोटी, लागली की नदीचं पाणी जोरात बाहेर धावतं, समोरून समुद्राची लाट आत येते, दोघांची टक्कर मुखावर, लाट उभी राहते. अमावस्या-पौर्णिमेच्या उधाणाला जास्त, अष्टमीच्या भांगाला कमी. म्हणून मुख ओलांडायचं भरती चढत असताना. जुन्या माणसांचा हिशोब आहे, तिथीला पाऊणने गुणायचं, भरतीची वेळ मिळते, म्हणजे अष्टमीला साधारण सहा. अंदाजाला ठीक आहे, पण माणसं घेऊन जाताना भरती-ओहोटीचं छापील कोष्टकच बघा, आणि पहिल्या महिन्यात मुखाच्या बाहेर एकटे जाऊ नका, एखाद्या जुन्या सारंगाबरोबर जा.

काही झालंच तर

कोस्ट गार्डचा नंबर १५५४, सागरी पोलिसांचा १०९३, नाहीतर ११२. हे तीन बोटीवर स्टिअरिंगच्या समोर रंगाने लिहा, मोबाईलमध्ये सेव्ह करून भागत नाही, मोबाईल भिजतो. बोटीवर व्हीएचएफ रेडिओ असेल तर चॅनेल १६, आणि बोलायचं क्रमाने: तीनदा मेडे ही संकटाची हाक, बोटीचं नाव, कुठे आहात, काय झालं, किती माणसं. इथे लोक घाबरून "वाचवा वाचवा" करत राहतात आणि कुठे आहोत तेच सांगत नाहीत.

लवकर कळवायला लाजू नका. १४ मार्च २०२० ला मांडव्याजवळ बोट बुडाली, ८८ जणांना पोलिसांच्या गस्ती बोटीने वाचवलं. सगळे. मदत जवळ होती आणि वेळेत पोचली. इंजिन बंद पडलं तरी आधी नांगर टाका, मग बंदर ऑफिसला कळवा, मग इंजिन उघडा. आमचे लोक उलटं करतात, अर्धा तास पाना मारत बसतात आणि बोट खडपाकडे, म्हणजे खडकांकडे, सरकत असते.

माणूस पाण्यात पडला तर जो पहिला बघेल त्याने ओरडायचं आणि हात त्याच्याकडे रोखून धरायचा, नजर हलवायची नाही, लाटेत डोकं नारळाएवढं दिसतं आणि एकदा सुटलं की सापडत नाही. रिंग फेका. ज्या बाजूला पडला त्या बाजूला सुकाणू फिरवा म्हणजे पंखा त्याच्यापासून लांब जातो. वळून हळू या, जवळ आल्यावर इंजिन न्यूट्रल नाही, बंद. हे सप्टेंबरात रिकाम्या बोटीने नारळ टाकून दहा वेळा करा. आम्ही दर वर्षी करतो, पोरांना खेळ वाटतो. अपघात झाला, छोटा असला तरी, बंदर ऑफिसला लेखी कळवायचा, लपवायचा नाही.

उरलेलं

डॉल्फिन वन्यजीव कायद्याच्या पहिल्या परिशिष्टात आहे, त्याच्या मागे बोट पळवणं, कळपाच्या मधून जाणं, खायला टाकणं हे करू नका. मालवणचा काही भाग १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे, तिथे नांगर कुठेही टाकून प्रवाळ मोडू नका. बनाना राइड, पॅरासेलिंग वगैरे जोडायचं असेल तर साहसी पर्यटनाच्या २०२१ च्या धोरणाखाली पर्यटन संचालनालयाकडे वेगळी नोंदणी लागते, प्रवासी बोटीच्या कागदावर ते चालत नाही, आणि एकाच बोटीने दुपारी माणसं आणि संध्याकाळी बनाना असं तर अजिबात नाही.

कागदांची एक फाइल करा, मूळ घरी, झेरॉक्स बोटीवर वॉटरप्रूफ पिशवीत. सर्व्हेची आणि विम्याची मुदत संपायची तारीख दोघांनी वेगवेगळी लिहून ठेवा, तुम्ही आणि घरचं कुणीतरी. माझ्याकडे ती गणपतीच्या कॅलेंडरवर लाल पेनाने असते, बायको लिहिते.

आणि आता सप्टेंबरला बोट पाण्यात टाकायची असेल तर अर्ज जूनमध्ये करा. बाकीचे होड्या शाकारून घरी झोपलेले असतात, ऑफिसात गर्दी नसते, सर्व्हेअरला वेळ असतो, बोट जमिनीवरच असते म्हणजे तळाची तपासणी तेव्हाच उरकते. पंधरा ऑगस्टनंतर गेलात तर तिथे माझ्यासारखे चाळीसजण लाइनीत असतात.

मला फोन करायचा तर तो पण जूनमध्येच करा, बोट घ्यायच्या आधी.